बंड गार्डनपासून कॅन्टनपर्यंत

लहानपणी मला वाटायचं की बंड गार्डन म्हणजे जिथे कधीकाळी बंड झालं ती बाग. रविवारी संध्याकाळी आई डब्यात पोळीचा लाडू नि चिवडा भरायची, आम्ही सगळे पीएमटीने जायचो, आणि मी गेटमधून आत शिरलो की तोफा कुठे ठेवल्यात ते शोधायचो. एकदा वडिलांना विचारलंच, बाबा इथे कोणी बंड केलं होतं? ते म्हणाले, अरे बंड नाही, बंद, म्हणजे बंधारा, तो बघ नदीत दिसतोय तो. माझी फार निराशा झाली. नदीत दगडी भिंत आडवी घातलेली आणि तिच्यावरून पाणी पलीकडे सांडतंय, यात बघायचं काय असतं.

तो बंधारा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशातून 1850 मध्ये झाला, पुण्याला पाणी मिळावं म्हणून. हे मला कॉलेजात असताना कळलं आणि ‘दानशूर पारशी’ या खात्यावर जमा करून मी विसरून गेलो. जेजे हॉस्पिटलवालेच ते, जेजे स्कूल ऑफ आर्टवालेच ते, माहीमचा कॉजवे ज्यांच्या बायकोने, अवाबाईंनी बांधवून दिला तेच ते. पैसा कुठून आला असा प्रश्न तेव्हा डोक्यात आलाच नाही. चीनशी व्यापार होता एवढं माहीत होतं, आणि चीनशी व्यापार म्हटलं की डोळ्यासमोर रेशीम नि चिनी मातीच्या बरण्या.

पुढे माझाच चीनशी व्यापार सुरू झाला. छोटा आहे, हार्डवेअरचा, बिजागऱ्या, कड्या, ड्रॉवरचे चॅनेल वगैरे, पण त्या निमित्ताने कॅन्टन फेअरला जाणं सुरू झालं. कॅन्टन म्हणजे आताचं ग्वांगजौ, त्या शहरात वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, हे अवाढव्य प्रदर्शन भरतं, 1957 पासून भरतंय. चार-पाच खेपा अशा झाल्या की विमानतळ, हॉटेल, प्रदर्शनाचा हॉल, रात्री भारतीय जेवण देणारं तेच ते हॉटेल, आणि परत. शहर टॅक्सीच्या काचेतून बघायचो. भाषा येत नाही, वाचता येत नाही, सगळा भार आमच्या एजंटवर, एक तिशीतली मुलगी आहे, फार हुशार, मालाचा भाव पाडण्यापासून माझ्यासाठी शाकाहारी सूप शोधण्यापर्यंत सगळं तीच बघते. 2018 च्या ऑक्टोबरात एक दिवस मोकळा मिळाला तेव्हा मी तिला म्हटलं, मला ती जुनी तेरा हाँगांची, म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारींची, जागा दाखव. ती जराशी थबकली. म्हणाली, तुम्हाला ते कसं माहीत? मी म्हटलं, आमच्या गावच्या नदीवर एक बंधारा आहे, त्याच्यामुळे.

तर ती जागा. मेट्रोने कल्चरल पार्क नावाच्या स्टेशनवर उतरायचं. बाहेर पडलं की तेरा हाँग रस्ता नावाचा रस्ता आहे, आणि तिथे आता होलसेल कपड्यांचा बाजार, आपल्या मंगलदास मार्केटच्या दहापट गर्दी, प्लॅस्टिकचे काळे गठ्ठे ढकलत माणसं पळतायत, ओरडतायत, बाजूला व्हा बाजूला व्हा असंच काहीतरी असणार. बागेत म्हातारी माणसं पत्ते खेळत बसलेली. आत एक म्युझियम आहे, त्यात मॉडेल केलंय जुन्या वखारींचं. मी त्या मॉडेलपुढे बराच वेळ उभा राहिलो कारण मला पटेचना की एवढंसंच होतं.

एवढंसंच होतं पण. पर्ल नदीच्या काठाला लागून तेरा वखारींची एक रांग, शहराच्या भिंतीच्या बाहेर, नदीकाठाने मोजली तर साधारण 300 मीटर. वखारींच्या पुढे एक मोकळं पटांगण आणि पटांगणानंतर पाणी. आता नदी बरीच पुढे सरकलीये, भर घालून घालून. 1757 पासून 1842 पर्यंत युरोपातून, अमेरिकेतून, मुंबई-कलकत्त्याहून समुद्रमार्गे चीनशी जो काय व्यापार व्हायचा तो या एवढ्याशा पट्टीतून. सगळा चहा, सगळं रेशीम इथून. सुरतेची इंग्रजांची वखार आपण शाळेत वाचलेली असते, शिवाजी महाराजांमुळे, त्यामुळे ‘वखार’ हा शब्द आपल्याला आयता मिळालाय, आणि फॅक्टरी म्हणजे कारखाना नव्हे तर वखार हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. खालच्या मजल्यावर गोदाम, हिशोबाची खोली आणि तिजोरीची खोली, वरती जेवणघर, त्याच्या वरती निजायच्या खोल्या. बँका नव्हत्या म्हणून तिजोरी दगडी भिंतींची, लोखंडी दाराची. बाजूला सराफ बसलेला असायचा, एकेक स्पॅनिश डॉलर हातात घेऊन वाजवून बघायचा आणि खरा निघाला की त्यावर ठसा मारायचा. असे ठसे खाऊन खाऊन नाण्यावरचा राजाचा चेहरा पार झिजून जायचा, चेचून जायचा. म्युझियममध्ये काचेत नाणी आहेत, एक तर इतकं ठोकलेलं होतं की वाटीसारखं खोलगट झालेलं. मी वाकून वाकून बघत होतो, कोणाकोणाच्या हातातून गेलं असेल ते.

त्या सराफाला तिकडचे परदेशी लोक ‘श्रॉफ’ म्हणायचे. आपलाच शब्द. चिठ्ठीला चिट. साहेबी अधिकाऱ्याला मँडरिन, तो शब्द आपल्या मंत्र्यावरून, मलायात जाऊन, पोर्तुगीजांच्या तोंडातून तिथे पोचलेला. आणि आपण सकाळी उठल्या उठल्या जो शब्द उच्चारतो, चहा, तो त्यांचा. शांघायला नदीकाठच्या त्या प्रसिद्ध रस्त्याला बंड म्हणतात, तोही बंडगार्डनवालाच बंड, फारसी-हिंदुस्थानीतला बंद. इंग्रज जिथे गेले तिथे हा शब्द खिशात घेऊन गेले. हे मला कळलं त्या रात्री मी हॉटेलच्या खोलीत एकटाच हसलो होतो, की बाबा, मी तोफा शोधत होतो ते अगदीच चूक नव्हतं.

वखारीत राहणाऱ्यांवर नियम किती. बायका आणायच्या नाहीत, 1830 मध्ये एक इंग्रज बाई नवऱ्याकडे राहायला आल्या तर केवढा गहजब झाला. हत्यारं ठेवायची नाहीत. चिनी भाषा शिकायची नाही, शिकवणाऱ्याला शिक्षा. पालखीत बसायचं नाही. शहरात जायचं नाही. महिन्यातून तीन दिवस, चिनी पंचांगाप्रमाणे 8, 18 आणि 28 तारखेला, दुभाष्या बरोबर घेऊन लहान टोळीने नदीपलीकडच्या बागांत फिरायला जायची परवानगी. हंगाम संपला की पोर्तुगीजांच्या मकावला निघून जायचं. बोलायचं ते फक्त ठरवून दिलेल्या व्यापाऱ्यांशी, हाँग मर्चंट म्हणायचे त्यांना, आणि त्यांचा मुख्य हौक्वा, जो त्या काळी जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक मानला जायचा. घरखर्च, नोकर, भाजीपाला, सगळं कॉम्प्राडोर, म्हणजे वखारीचा चिनी कारभारी, बघणार. मला माझी एजंट आठवली आणि थोडा वेळ गप्पच झालो. पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षं काढली लोकांनी तिथे, आणि चीन पाहिला म्हणजे काय तर पटांगण, दोन गल्ल्या आणि नदी.

या तेरांपैकी एका वखारीचं नाव चौ-चौ वखार. चौ-चौ म्हणजे त्यांच्या मोडक्या इंग्रजीत मिसळ, सरमिसळ. तिथे मुंबईचे पारशी उतरायचे, हिंदुस्थानातले बाकीचे व्यापारी उतरायचे. पांढऱ्या पगड्यांमुळे चिनी लोक पारश्यांना पांढऱ्या डोक्याचे परदेशी म्हणायचे. पहिला पारशी चीनला गेला तो 1756 मध्ये, हिरजी जीवनजी रेडीमनी. जमशेटजी स्वतः तरुणपणी अनेक खेपा करून आले, 1805 मधल्या एका खेपेत फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं आणि त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा जहाजाचा डॉक्टर होता, तिथे ओळख झाली आणि ती आयुष्यभर टिकली. जार्डिन पुढे कॅन्टनमधली सगळ्यात मोठी पेढी चालवणार होता आणि जमशेटजी मुंबईतून तिला माल पुरवणार होते.

माल म्हणजे, आता स्पष्टच बोललं पाहिजे, कापूस होता आणि अफू होती. आणि जास्त नफा अफूत होता.

वखारीत अफूची पेटी यायचीच नाही. ती नदीच्या मुखातल्या लिंटिन बेटापाशी नांगरून ठेवलेल्या जहाजांवर उतरायची, कॅन्टनमध्ये नुसता पैसा घेऊन चिठ्ठी द्यायची, आणि ती चिठ्ठी घेऊन चिनी तस्कर पन्नास-साठ वल्ह्यांच्या झपाट्याच्या होड्यांतून जायचे आणि माल उचलायचे. म्हणजे व्यापाऱ्याचा हात कुठेही बरबटत नाही. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, हिशोबाची वही स्वच्छ, घरी लिहिलेल्या पत्रात हवापाण्याच्या गोष्टी. 1838-39 पर्यंत वर्षाला 40,000 पेट्यांच्या आसपास माल जायला लागला होता, एक पेटी म्हणजे साठ-बासष्ट किलो. आणि चांदी, जी पूर्वी चहाच्या बदल्यात चीनमध्ये यायची, ती उलटी बाहेर वाहायला लागली. सैनिक ओढतायत, कारकून ओढतायत, घरंच्या घरं बसलीयेत. बादशहाने आधी विक्रेत्यांना पकडायला सुरुवात केली, आपल्याच माणसांना.

12 डिसेंबर 1838. त्या दिवशी अधिकाऱ्यांनी ठरवलं की एका अफूविक्याला मृत्युदंड द्यायचा तो या परदेशी लोकांच्या पटांगणात, त्यांच्या झेंड्यांखाली, त्यांच्या डोळ्यांदेखत. त्याचं नाव हो लाओ-किन असं नोंदलेलं आहे. खांब आणला, अधिकाऱ्याला बसायला तंबू ठोकला, टेबल मांडलं, चहा ठेवला. व्यापारी बाहेर आले, म्हणाले हे आमचं फिरायचं पटांगण आहे, इथे हे चालणार नाही. जहाजांवरचे खलाशी नेमके तिथे होते, त्यांनी तंबू पाडला, खांब मोडला. अधिकारी निघून गेले, त्या माणसाला दुसरीकडे नेऊन मारलं. तोपर्यंत बघायला गर्दी जमलेली होती, नुसती बघायला आलेली, आणि या लोकांनी काठ्या घेऊन ती हाकलायला सुरुवात केली. मग दगड आले. मग गर्दी वाढत वाढत आठ-दहा हजारांवर गेली, खिडक्या फुटल्या, कठडे उखडले, सगळे दारं लावून आत कोंडून बसले, दारासमोर बाटल्या फोडून काचा पसरल्या कारण समोरची माणसं अनवाणी होती. शेवटी दोन तरुण अमेरिकन छपरांवरून चालत चालत हौक्वाच्या घरापर्यंत गेले, त्याने अधिकाऱ्यांना निरोप धाडला, अंधार पडायच्या सुमारास शिपाई आले आणि पटांगण रिकामं झालं.

ती काचांची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. अनवाणी माणसं. म्हणजे कोण असतील ती? हमाल, नावाडी, गठ्ठे वाहणारी, याच वखारींत चहाच्या पेट्या चढवणारी-उतरवणारी. त्यांच्या घरात कोणीतरी ओढत असेलच की. आतल्या माणसांनी या दिवसाची वर्णनं लिहून ठेवलीत, तपशीलवार, किती वाजता काय झालं, आणि त्यात गर्दी म्हणजे नुसती गर्दी आहे, एक लाट आहे, दगड आहेत, आरोळ्या आहेत. कोणाचं एक वाक्य सुद्धा नाही. कसं असणार, भाषाच येत नव्हती. हो लाओ-किनने काय केलं होतं तर माल विकला होता, आणि त्या पटांगणात त्या दिवशी जी माणसं उभी होती त्यातल्या कितीतरी जणांचा तोच धंदा होता, फरक एवढाच की त्याला गळफास होता आणि यांना झेंडा होता.

तीन महिन्यांनी, 10 मार्च 1839 ला, लिन झेश्यू आला. बादशहाने खास पाठवलेला, स्वच्छ हाताचा म्हणून ख्याती असलेला अधिकारी. आठ दिवसांत त्याने हुकूम काढला, सगळी अफू आमच्या ताब्यात द्या आणि पुन्हा आणणार नाही असं लिहून द्या. व्यापाऱ्यांनी तीन दिवस बैठका घेतल्या आणि हजारभर पेट्या देऊ केल्या, थोडक्यात आटपेल या हिशोबाने. लिनने त्या घेतल्या नाहीत. म्हातारा हौक्वा, सत्तरीचा, गळ्यात साखळी आणि टोपीवरचं मानाचं बटण काढून घेतलेला, असा वखारीत आला, मला वाचवा, नाहीतर माझं डोकं जाईल म्हणत. 24 मार्चला इंग्रजांचा अधिकारी चार्ल्स एलियट मकावहून येऊन आत घुसला आणि त्याच संध्याकाळी हुकूम सुटला, सगळ्या चिनी नोकरांनी वखारी सोडायच्या. तासाभरात स्वयंपाकी, पाणके, हमाल, कॉम्प्राडोर, सगळे शेकड्याने आपापलं बोचकं उचलून गेले. मागची दारं विटांनी चिणली. नदीत होड्यांच्या तीन रांगा. पटांगणात पहारा, रात्रभर घंटा आणि शिंगं. आत साधारण 350 माणसं.

2020 च्या एप्रिलमध्ये मी जेव्हा घरात बसून होतो आणि खिडकीतून रिकामा रस्ता बघत होतो तेव्हा हे सगळं मी परत वाचून काढलं, आणि तेव्हाच मला ती माणसं पहिल्यांदा जवळची वाटली. कारण भांडी. ज्यांनी आयुष्यात चुलीकडे पाहिलं नव्हतं अशा लखपती माणसांना अचानक पाणी भरायचं होतं, केर काढायचा होता. एका मोठ्या अमेरिकन पेढीच्या मुख्य भागीदाराने भात लावला तर त्याचा डिंक झाला आणि मग त्याला चांदीची भांडी घासायच्या कामावर बसवलं. उन्हाळा चढत होता. पटांगणात क्रिकेट खेळायचे, झेंड्याच्या काठीवर चढायच्या पैजा लावायचे. हौक्वा स्वतः संकटात असून त्याची माणसं सामानाच्या आडून आपल्या जुन्या मित्रांना खाणं पोचवत होती, आणि हे मला फार मोठं वाटतं, इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यातून काहीतरी खरं पण उरलं होतं.

आणि चौ-चौ वखारीत? तिथे चूल पेटलेली होती. पारश्यांनी आपले नोकर मुंबईहून आणलेले होते, त्यांना तो हुकूम लागू नव्हता. शेजारच्या गोऱ्या साहेबांना त्या दिवसांत या हिंदुस्थानी नोकरांचा मोठाच आधार झाला. त्यांची नावं कुठेही नाहीत. मी खूप शोधलं. मुंबईहून कॅन्टनला स्वयंपाक करायला गेलेला एखादा माणूस, जहाजावरून दोन-अडीच महिने, समुद्राचा ठाव नसलेला, आणि तिथे पोचून एका वखारीत कोंडला गेलेला, बाहेर रात्रभर घंटा वाजतायत आणि हा पहाटे उठून पीठ मळतोय. त्याच्या हातात ना अफूची चिठ्ठी होती ना नफा. तो घरी परत गेल्यावर बायकोला काय सांगत असेल? कोण भांडत होतं म्हणाला असेल?

सहा आठवडे हे चाललं. 27 मार्चला एलियटने सगळ्या व्यापाऱ्यांना सांगितलं की माल इंग्लंडच्या राणीच्या नावाने माझ्याकडे द्या, भरपाई सरकार देईल. हे ऐकल्यावर ज्यांनी हजार पेट्यांवर घासाघीस केली होती त्यांनी असलेली-नसलेली, अजून समुद्रात असलेली पण अफू लिहून दिली. 20,283 पेट्या. सगळा माल पोचेपर्यंत पहारा उठला नाही, आणि 16 बड्या व्यापाऱ्यांना तर शेवटपर्यंत ठेवून घेतलं, त्यात काही पारशी होते.

3 जूनपासून हुमेनच्या किनाऱ्यावर लिनने ती नष्ट करायला घेतली. मोठमोठे हौद खणले, तळाला दगड, बाजूंना लाकडाच्या फळ्या, त्यात पाणी, पाण्यात मीठ, मग अफूचे गोळे फोडून टाकायचे, वरून चुना, आणि मजूर फळ्यांवर उभे राहून लांब काठ्यांनी ढवळतायत. ओहोटी लागली की दार उघडून समुद्रात सोडायचं. तीन आठवडे, साधारण बाराशे टन. सुरू करायच्या आधी लिनने समुद्रदेवतेची पूजा केली, प्रार्थना लिहिली, की हे विष मी तुझ्यात सोडतोय, तुझ्या माशांना, प्राण्यांना थोडे दिवस लांब जायला सांग. एवढा कडक माणूस, आणि त्याला माशांची काळजी.

म्युझियममधून बाहेर पडून आम्ही बागेत बसलो होतो तेव्हा माझी एजंट म्हणाली की आम्हाला शाळेत आधुनिक इतिहास इथूनच सुरू होतो, अफूच्या युद्धापासून. बीजिंगच्या मोठ्या चौकात जे स्मारक आहे त्यावरचं पहिलं शिल्प हुमेनचंच आहे. मग तिने विचारलं, इंग्रजांनी अफू आणली हे आम्ही शिकलो, पण इंग्लंडमध्ये एवढी अफू पिकते का?

मी म्हटलं, नाही. आमच्याकडे पिकायची.

ती काही बोलली नाही. मी पण काही वेळ काही बोललो नाही. मग मी तिला मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. हे पाटणा-बनारस, इथली कंपनी सरकारची. आणि हा माळवा. इंदूर, उज्जैन, होळकरांचा नि शिंद्यांचा मुलूख, मराठी सरदारांची संस्थानं. इथली काळी जमीन, इथली खसखशीची शेतं, इथले सावकार शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायचे, माल बैलांवर लादून निघायचा. कंपनीने आधी मुंबईचा रस्ता अडवला तर तांडे वाळवंटातून कराचीपर्यंत जाऊन तिथून जहाजाने पोर्तुगीजांच्या दमणला उतरायचे, एवढा वळसा परवडायचा, इतका नफा होता. 1830 पासून कंपनीने परवान्याची फी लावून रस्ता मोकळा केला आणि मग माळव्याचा बराचसा माल मुंबई बंदरात येऊन पडायला लागला. तिथून जमशेटजी आणि त्यांच्यासारखे अनेक, पारशी, मारवाडी, गुजराती, कोकणी मुसलमान. ती नकाशावर बोट ठेवून माळव्यापासून मुंबई, मुंबईपासून सिंगापूर, तिथून वर ग्वांगजौपर्यंत आली आणि तिने बोट तिथेच ठेवलं.

मला तिला सांगायचं होतं की जमशेटजी वाईट माणूस नव्हते. अनाथ पोर, रिकाम्या बाटल्या विकण्याच्या धंद्यातून वर आलेला, आणि मिळालेला पैसा हॉस्पिटलं, शाळा, विहिरी, धर्मशाळा यात ओतणारा. माझी मावशी जेजेमध्ये वाचली, तिचं बाळ तिथे वाचलं, आमच्या घरात त्या दोन अक्षरांना देवासारखा मान आहे. पण हे वाक्य तिथे, त्या बागेत, त्या जागेवर बसून तोंडातून बाहेर पडेना. सांगून काय होणार होतं? पैसा एका नदीकाठावरून उचलला आणि दुसऱ्या नदीकाठावर बांध घातला, हे खरं आहे, आणि दोन्ही काठांवरची माणसं खरी आहेत. ज्या काठाला पाणी मिळालं त्या काठावर मी वाढलो.

इंग्रजांशी युद्ध झालं, चीन हरला, 29 ऑगस्ट 1842 ला नानकिंगचा तह झाला. ज्या जहाजावर सह्या झाल्या ते कॉर्नवॉलिस जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, सागवानी. हे वाचल्यावर मी परत एकदा थांबलो होतो. चीनने 2 कोटी 10 लाख डॉलर द्यायचे, त्यातले 60 लाख त्या बुडवलेल्या अफूबद्दल. व्यापाऱ्यांना हातात आले ते मालाच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी, मुंबईत कितीतरी पेढ्या बसल्या. हौक्वा 1843 मध्ये गेला.

आणि वखारी? शांतता काही आली नाहीच. त्याच डिसेंबरात, 1842 मध्ये, लास्करांचं, म्हणजे हिंदुस्थानी खलाशांचं, बाजारात काहीतरी भांडण झालं, हाणामारी झाली, आणि संध्याकाळपर्यंत गर्दीने वखारी पेटवल्या. लास्कर म्हणजे त्यात आपल्या कोकणपट्टीतली, रत्नागिरीकडची पोरं असायची, वल्हं आणि शीड कळणारी, पगारासाठी कुठेही जाणारी. त्या दिवशी तिथे कोण होतं ते माहीत नाही. पण एवढं नक्की की कॅन्टनच्या हमालाला एलियट काय, राणी काय, दिसणारच नव्हती, त्याला परदेशी म्हणून समोर दिसला तो खलाशी, त्याच्याइतकाच गरीब, त्याच्याइतकाच दमलेला. राग नेहमी सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसावर निघतो. 1846 मध्ये पुन्हा दंगल, एका इंग्रजाने फळवाल्याचं सामान लाथाडलं त्यावरून, आणि तीन चिनी माणसं गोळीने मेली. शेवटी डिसेंबर 1856 मध्ये, दुसऱ्या अफूच्या युद्धाच्या वेळी, सगळ्या वखारी जळाल्या त्या कायमच्या. नंतर इंग्रज-फ्रेंचांनी शेजारीच शामिएन नावाचं बेट बांधून घेतलं, तिथे आज वडांची गार सावली आहे, लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात.

मकावला एक पारशी दफनभूमी आहे. दफनभूमी, कारण दख्मा, म्हणजे पारशी लोक प्रेत उघड्यावर ठेवतात तो बुरूज, तिथे नव्हता. धर्माने माती अपवित्र करू नये असं सांगितलेलं, पण घर समुद्रापलीकडे, म्हणून दगडाच्या पेट्यांत ठेवलं. शिळांवर गुजराती आणि इंग्रजी अक्षरं कोरलीयेत, सगळ्यात जुनी 1829 ची. मी गेलेलो नाही अजून, फोटो पाहिलेत. गुजराती अक्षरं आपल्याला तशी वाचता येतात, डोक्यावरची रेघ मनाने ओढून घ्यायची.

परत आल्यावर एका रविवारी मी मुद्दाम बंड गार्डनला गेलो, पंचवीसेक वर्षांनी. नदीची अवस्था बघवत नाही, जलपर्णी, फेस, वास. पण बंधारा आहे, आणि त्याच्यावरून पाणी सांडतंच आहे. मी फोटो काढला आणि एजंटला मेल केला, सोबत दोन ओळी लिहिल्या की मी म्हणालो होतो तो हा. दुसऱ्या दिवशी तिच्या मेलमध्ये आधी बिजागऱ्यांचा भाव होता, मग कंटेनरची तारीख होती, आणि सगळ्यात खाली तिने विचारलं होतं, हे पाणी पुढे कुठे जातं?

मी लिहिलं, भीमेला मिळतं, भीमा कृष्णेला मिळते, आणि मग समुद्राला.